दावणीसकट घोडा

जापारने दारापुढची दावण कापायला घेतली तेव्हा कालिपा शेजारणीकडे साय घुसळायला गेली होती. हा योगायोग नव्हता. ती घरात असती तर नळाच्या आधी ग्राइंडरची वायर कापली गेली असती.

दावण म्हणजे फाटकाशेजारी दोन खांबांवर आडवा टाकलेला एक जाडजूड लोखंडी नळ आणि त्याला जोडलेल्या कड्या. आल्यागेल्याने घोडा कडीला बांधायचा आणि चहाला आत यायचं. जापारच्या वडिलांनी हा नळ सामूहिक शेतीच्या काळात कुठूनसा 'आणला' होता. कुठून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण गावातल्या सगळ्याच दावण्या तिथूनच आल्या होत्या. वर्षातून एकदा तिला फाटकाचाच निळा रंग लागत असे.

"बाजारातले नळ बघून आलो," जापार म्हणाला. "नुसता दगड दाखवला तरी वाकतील. आणि हा बघ. अख्ख्या गावाच्या घोड्यांनी याला ढुंगण घासलंय, पण बाक म्हणून नाही!"

"लोखंड होतं ते तेव्हाच," जोल्चू म्हणाला आणि त्याने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

जोल्चू हा गावाचा वेल्डर. त्याने जोडलेली वस्तू जोडल्या जागी कधी तुटत नसे, शेजारी तुटे. "माझा टाका शाबूत आहे बघ," असं मग तो अभिमानाने दाखवत असे. जापारचा त्याच्यावर फार विश्वास होता, कारण दुसरा वेल्डर तालुक्याच्या गावाला राहत होता.

एवढा खटाटोप गाडीला स्लायडर लावण्यासाठी चालला होता. दारांच्या खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, दोन्ही अंगांना चासीला जोडलेले मजबूत दांडे असले की गाडी दगडावर बसली तरी पत्रा चेपत नाही, दांड्यावरून घसरत गाडी पलीकडे उतरते. जापारचा साडू तुरात याने असले दांडे शहरातून लावून आणले होते. काळे, चकचकीत. तो ते फडक्याने पुसायचा आणि शक्यतो जापारसमोर पुसायचा.

दोन साडवांमधलं हे दुखणं मागच्या उन्हाळ्यातलं. वरच्या कुरणावर जाताना घळीच्या तोंडाशीच 'उंटाचा गुडघा' नावाचा दगड आहे. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला ओढा, त्यामुळे उजवी चाकं त्या गुडघ्यावर चढवल्याशिवाय वाट नाही. जापारची गाडी चढली आणि तिथेच बसली. खालचा पत्रा चेपला, डावा आरसा ओढ्यात गेला, आणि आत सासूबाई. त्या हलायलाही तयार नाहीत आणि गप्प बसायलाही तयार नाहीत. शेवटी तुरातने दोर लावून गाडी ओढून काढली. तेव्हापासून कुठेही पंगत बसली की तुरात वाडगा हातात घ्यायचा आणि सुरू करायचा, "आमच्या साडूने सासूबाईंना काय झोपाळ्यात बसवलं होतं म्हणून सांगू!" सासूबाई स्वतः त्या पंगतीत असल्या तर त्या पुढचं सांगायच्या.

आणि यंदा तर जापारच्या मुलीचं, बेगिमायचं, लग्न ठरत होतं. रविवारी मुलाची आई तिच्या कानांत कुड्या घालणार होती, म्हणजे सोयरीक पक्की. समारंभ वर कुरणावर होता, कारण जापारची आई उन्हाळाभर तिथल्या तंबूत असते आणि थंडी पडल्याशिवाय देवाने बोलावलं तरी ती खाली उतरणार नाही. व्याह्यांची गाडी बसकी, ती घळीतून जाणं शक्य नव्हतं. त्यांना वर न्यायचं कुणी? भर बैठकीत जापार बोलून गेला, "माझे व्याही माझ्याच गाडीतून जातील."

"अवश्य!" तुरात म्हणाला. "मी दोर घेऊन मागून येतो."

लोक इतके हसले की चहा सांडला. त्या हसण्यापायी आता दावण कापली जात होती.

काम झकास झालं. नळाचे दोन तुकडे झाले, खांबांचे आधार झाले. एकदा जोल्चूने गाडीखालचा जॅकही दांड्याला जोडून टाकला, पण तो हातोड्याने सुटला.

"या कड्या काढू का रे?" जोल्चूने विचारलं.

"राहू दे. अडकलो तर दोर बांधायला बऱ्या."

"आणि रंग?"

"निळाच राहू दे. गाडी पांढरी, दांडे निळे. शोभतायत."

दोघं मागे सरकून बघत उभे राहिले. जापारला इतका आनंद झाला की तो दांड्यावर उभा राहून नाचला. दांडा हलला नाही. गाडी हलली, पण ती स्प्रिंगमुळे, असं जोल्चू म्हणाला.

तेवढ्यात कालिपा लोण्याचं भांडं घेऊन आली आणि फाटकाशी थांबली. आधी तिने जमिनीतले दोन खड्डे पाहिले. मग गाडीखालचा निळा रंग पाहिला. मग भांडं खाली ठेवलं.

"पाहुण्यांनी घोडा आता कुठे बांधायचा?" तिने विचारलं. "तुमच्या नाकाला?"

"अगं, हल्ली घोड्यावर येतं कोण?"

जोल्चूने या प्रश्नाचं उत्तर ऐकायला न थांबता हत्यारं गोळा केली आणि तो मागच्या बाजूने निघून गेला.

उत्तर अर्ध्या तासात आलं आणि घोड्यावरूनच आलं. असनकुल अता, म्हणजे असनकुल आजोबा, हे गल्लीतले सर्वांत वयोवृद्ध. रोज दुपारी जापारकडे चहा घेऊन पुढे जायचे. त्यांचा घोडा सवयीने फाटकाशेजारी येऊन थांबला. म्हाताऱ्याने लगाम पुढे केला. पुढे हवा होती. ते खोगिरावर बसूनच खोकले, खड्ड्यांकडे पाहिलं, बंद फाटकाकडे पाहिलं, आणि घोडा वळवून निघून गेले. जापार धावत बाहेर आला तोवर नुसती धूळ उरली होती.

"गेले," कालिपा म्हणाली. "ज्या घराला दावण नाही त्या घराला पाहुणा नको, हे त्यांना कुणी शिकवायला नकोय. आता बघा मजा."

मजा दुसऱ्या दिवशी दिसली. सकाळपासून घरात कुणी पाऊल टाकलं नाही. शेजारीण सायीचं भांडं मागायला आली ती कुंपणावरूनच मागून गेली. चहाच्या टपरीवर तीन-चार मतं झाली होती. एक मत, जापार घर विकून शहरात चाललाय. दुसरं, नवरा-बायकोचं फाटलंय. तिसरं मत जोल्चूचं. त्याला खरं काय ते ठाऊक होतं, पण ते अगदीच साधं असल्यामुळे कुणी ऐकून घेईना. चौथं मत संध्याकाळपर्यंत खोरं ओलांडून वरच्या गावात, व्याह्यांच्या घरी पोहोचलं. ते असं, की बेगिमायच्या बापाने दावण उपटून टाकली, म्हणजे त्याला ही सोयरीक नको आहे, तोंडाने सांगायला लाजतोय.

रात्रीच्या जेवणाआधी विहीणबाईंचा फोन आला.

"काही नाही गं, सहज केला," त्या कालिपाला म्हणाल्या. आवाज इतका गोड होता की कालिपाने हातातली पळी खाली ठेवली. "इकडे लोक काहीबाही बोलतायत. मी म्हटलं, असं कसं असेल? तर आमचे हे उद्या स्वतःच येऊन जातो म्हणाले. घोड्यावरून येतायत."

'घोड्यावरून' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

फोन ठेवल्यावर मग बेगिमाय बोलली. मुलगा तिने स्वतः पसंत केला होता, शिकत असताना. त्यामुळे ती शांतपणे बोलत होती, आणि त्या शांतपणानेच जापारला घाम फुटला.

"बाबा, हे लग्न मोडलं तर मी कुठे जाणार नाही. जन्मभर याच घरात राहीन. रोज तुमच्यासमोर बसेन."

"अगं, काही मोडत नाही! जोल्चू सकाळी लाकडाचं खोड आणतोय. दुपारपर्यंत नवी दावण उभी!"

जोल्चू सकाळी खोड आणायला गेला तो गेलाच. जापार मागच्या अंगणात मेंढा सोलायला बसला आणि दर पाच मिनिटांनी फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघून जाऊ लागला. शेवटी कालिपाच म्हणाली, "तोवर गाडी तरी त्या खड्ड्यांपुढे लावा. निदान भोकं झाकतील." जापारने गाडी फाटकालगत, बरोबर दावणीच्या जागी, आणून लावली. कालिपाने लगेच कुरणावर न्यायच्या गाद्या-रजया पुढच्या सीटवर छतापर्यंत रचल्या. कामाला लागलेली बाई एकच काम करत नाही.

व्याही मामिर्कान सांगितल्यापेक्षा लवकर आले. धिप्पाड माणूस, डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी, मुठीत चाबूक. बोलायचे कमी. त्यांचं जे काही प्रेम होतं ते त्यांच्या करड्या घोड्यावर, कोकजोर्गोवर. तो रवाल चालीचा घोडा. असा घोडा एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतो, पाठ हलत नाही, वर बसलेल्याने भरला वाडगा हातात धरला तरी थेंब सांडत नाही. मामिर्कान त्याच्यावरून क्वचितच उतरत. बायको म्हणायची, झोपायला तरी घरात येतात हे नशीब.

तर मामिर्कान मनाशी जे ठरवून आले होते ते ठरवून आले होते. पण फाटकाशी येऊन बघतात तो काय, तीच निळी दावण, त्याच कड्या! तिला अगदी चिकटून कुणीतरी गाडी आणून लावलीय, एवढंच. लोकांच्या जिभेला हाड नाही, असं म्हणत त्यांनी रस्त्याच्या बाजूच्या कडीला लांब दोराने घोडा बांधला, मानेवर थोपटलं आणि ते गाडीला वळसा घालून आत आले.

कालिपाने त्यांना आतल्या मानाच्या जागी बसवलं, वाडगा पुढे केला आणि जीव मुठीत धरून विचारलं, "घोडा?"

"बांधला."

कुठे, हा एकच प्रश्न तिला विचारता येत नव्हता. तिने आणखी एक उशी दिली.

"कुमिस आहे?" मामिर्काननी विचारलं.

घोड्यांच्या खोऱ्यातला माणूस उन्हाळ्यात घोडीच्या दुधाचा कुमिस मागणार, आणि तो घरात नसणार, यापेक्षा दावण नसलेली बरी. कालिपा हसत उठली, मागच्या दाराशी गेली आणि दात आवळून म्हणाली, "व्याही आलेत. गावाच्या वरच्या टोकाला ब्यूब्यूकडे कुमिस मिळेल. जा! आणि असे मेंढ्यासारखे बघत उभे राहू नका."

जापारने हात धुतले न धुतले, परसातून वळसा घालून पळत आला आणि फाटकाच्या बाजूने गाडीत चढला. गाडी जपानी, चालकाची जागा उजवीकडे. डावीकडे छतापर्यंत गाद्या. डावा आरसा ओढ्यात. जापारने चावी फिरवली आणि गाडी सोडली.

वळण घेतो न घेतो तोच त्याच्या कानांवर आवाज आला. ठप-ठप, ठप-ठप. डाव्या अंगाने, खालून.

"जोल्च्या, मेल्या," जापार म्हणाला. "सुटला दांडा."

त्याने वेग थोडा वाढवला. ठप-ठपही वाढली. वेग कमी केला, ठप-ठप कमी झाली. आता शंकाच नको, दांडाच. पण व्याही घरात कुमिसची वाट बघत बसलेले असताना थांबून गाडीखाली कोण शिरणार? तसंही त्या रस्त्यावरचे खड्डे असे की गाडीची घोड्यापुढे फारशी मिजास चालत नाही. तो तसाच पुढे निघाला. चहाच्या टपरीवरचे लोक उभे राहिले. एकाने टोपी काढून हवेत उडवली. कालपर्यंत तोंड फिरवणारे लोक आज टोप्या उडवतायत हे बघून जापारला गहिवरून आलं. दांड्यांची कीर्ती गावात पसरली होती तर! त्याने हात हलवला आणि हॉर्न वाजवला.

मागे घरात काय झालं ते कालिपाने त्याला नंतर सांगितलं, आणि पुढे कितीतरी वेळा सांगितलं. मामिर्कान वाडगा ओठांशी नेत होते. ते मधेच थांबले आणि त्यांनी मान तिरकी केली.

"ही माझ्या कोकजोर्गोची पावलं," ते म्हणाले. "आणि ती लांब चाललीयत."

बाहेर येऊन बघतात तर रस्ता मोकळा. घोडा नाही. गाडी नाही. दावणही नाही. नुसते दोन खड्डे. मामिर्कान दोन्ही खड्ड्यांत डोकावले.

"घोडा गेला तर गेला," ते हळूच म्हणाले, "दावणीसकट गेला?"

त्याच क्षणी तुरात आपली धुतलेली गाडी घेऊन फाटकाशी आला. मेव्हणीला मदत करायला आलोय, असं तो म्हणाला, पण खरं तर जापारचे दांडे बघून हसायला आला होता. झाला प्रकार कळताच त्याचा चेहरा असा उजळला की कालिपाने त्याला त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही.

"बसा, व्याही!" त्याने दार उघडलं. "आत्ता पकडतो चोराला. माझे दांडे पक्के आहेत!"

इकडे जापार ब्यूब्यूच्या घरापाशी येऊन गाडी थांबवणार, एवढ्यात त्याला मधल्या आरशात तुरातची गाडी दिसली. आणि तिच्या पुढच्या सीटवर पांढरी टोपी. मामिर्कान!

जापारच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि तो नेहमीप्रमाणे चुकीच्या जागी पडला. त्याने ओळखलं की कुमिस हे निमित्त होतं. तुरात टपूनच बसला होता. मला बाहेर काढलं, व्याह्यांना गाडीत घातलं, आणि आता मला मागे टाकून आजच त्यांना कुरणावर नेऊन पोहोचवणार. उद्या काय, आजन्म पंगतीत हेच ऐकायचं.

"बघतोच," जापार म्हणाला, आणि ब्यूब्यूच्या दारावरून गाडी पुढे काढली. ब्यूब्यू दारात उभी होती. तिने तोंडावर हात नेला.

मागून तुरातचा हॉर्न सुरू झाला. एकसारखा, कर्कश. "वाजव, वाजव," जापार पुटपुटला आणि रस्त्याच्या मधोमध राहिला. ठप-ठप चालूच होती, पण तिच्यात खळखळाट नव्हता, लय कुठे चुकत नव्हती. दांडा सुटतोय तर निदान इमानाने सुटतोय, असं त्याला वाटलं. गाव संपलं, कुंपणं संपली, ओढा लागला. आणि मग अचानक मागचा हॉर्न बंद पडला. आरशात पाहिलं तर तुरातची गाडी बरीच मागे राहिलेली. शर्यत सोडलेल्या माणसासारखी बाजूबाजूने येत होती.

"फाटली!" जापार ओरडला. त्याने आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली.

समोर घळीचं तोंड आलं, आणि तोंडात उंटाचा गुडघा. जापारने पहिला गिअर टाकला. मागच्या उन्हाळ्यातले सासूबाईंचे शब्द त्याला एकेक करून आठवले. डाव्या बाजूला ओढ्याकाठची मऊ वाळू, उजवीकडे दगड. उजवं पुढचं चाक चढलं. गाडी कलली. मग चाक पलीकडे घसरलं आणि गाडीचं पोट खाली आलं. जापारने डोळे मिटले.

खालून किंकाळी आली, लोखंडाची दगडावर. दांडा गुडघ्यावर बसला, थरथरला, आणि घसरला. गाडी हळूहळू पुढे सरकली, मागचं चाक चढलं, उतरलं. झालं! पत्रा वाजला नाही. काही तुटलं नाही. जापार पलीकडच्या सपाटीवर गाडी थांबवून खाली उतरला आणि उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसून बघू लागला. निळा रंग खरवडून गेला होता, बाकी दांडा जसाच्या तसा. त्याने त्या दांड्याचा मुका घेतला. खरंच घेतला. तापलेला होता तरी घेतला.

मग डावा दांडा किती सुटलाय ते बघायला तो पलीकडे गेला.

डावा दांडा मुळीच सुटलेला नव्हता. त्याच्या कडीला एक लांब दोर बांधलेला होता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक करडा घोडा वाळूत उभा राहून जापारकडे शांतपणे बघत होता. अंगाला घाम आला होता, कान ताठ होते, तब्येत खुशीत दिसत होती.

खोऱ्यात तो घोडा कुणाचा हे लहान मुलालाही ठाऊक होतं. टपरीवरच्या टोप्या, ब्यूब्यूचा हात, मागचा हॉर्न, सगळ्याचा अर्थ जापारला एकदमच लागला. मुलीच्या सासऱ्याचा घोडा त्यांच्याच डोळ्यांसमोर गावातून पळवून आणला होता, आणि वर टपरीला हात हलवला होता. रोज समोर बसलेली बेगिमाय त्याला दिसू लागली. रोज, शांतपणे.

तुरातची गाडी दगडाच्या अलीकडे थांबली. मामिर्कान उतरले आणि चाबूक हातात घेऊन ओढ्याच्या काठाने चालत आले. मागून तुरात, हसू दाबत. जापार तोंड उघडणार तोच मामिर्काननी चाबकाची मूठ वर केली. ते घोड्याजवळ गेले. चारी पाय चाचपले. छातीवर हात ठेवला. कानाशी काहीतरी बोलले. मग वळले, आणि जापारने पाहिलं तर त्या धिप्पाड माणसाच्या दाढीत पाणी उतरलं होतं.

"व्याही, मी खरंच..." जापार म्हणाला.

"पुन्हा," मामिर्कान म्हणाले.

"काय?"

"पुन्हा चालवून दाखव."

जापारने तुरातकडे पाहिलं. तुरातचं हसू आता दाबायची गरज उरली नव्हती.

"शिंगरू असल्यापासून हा माझ्याकडे आहे," मामिर्कान म्हणाले. एवढं एकदम बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. "मीच शिकवला. मीच बसतो. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. लोक म्हणायचे, मामिर्कान, तुझ्या घोड्याची चाल काय आहे रे! मी म्हणायचो, आहेच. पण मी कधी पाहिली? मी तर कायम वर बसलेला! मला फक्त त्याचे कान दिसतात. आज पहिल्यांदा बघितला. अख्खा. एवढ्या लांबवर, एकदाही पाऊल चुकलं नाही. तुझी गाडी खड्ड्यात उड्या मारतेय आणि हा शेजारून पाण्यावर चालल्यासारखा..." त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"मी म्हटलं पोलिसांना फोन करू," तुरात तक्रारीच्या सुरात म्हणाला. "तर यांनी फोनच काढून घेतला. म्हणतात, हॉर्न बंद कर, त्याची लय मोडेल. पुढे जाऊ नकोस, मागेच राहा. धूळ उडवू नकोस. मी त्या खड्ड्यांतून आज बैलगाडीच्या चालीने आलोय!"

"मग सोयरीक?" जापारने विचारलं.

"मोडायलाच निघालो होतो," मामिर्कान म्हणाले. "दावण उपटणाऱ्या घरात मी मुलगा देणार नव्हतो. पण तू उपटली नाहीस. तू ती पाहुण्याच्या घोड्याबरोबर फिरायला लावलीस. असं तर माझ्या आजोबांनीही कुठे पाहिलं नसेल." त्यांनी जापारच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि जापारला तो आणखी जड असता तरी चाललं असतं. "उद्या बायकोला घेऊन येतो. कुड्या ठरल्याप्रमाणे उद्या रविवारीच घालू."

जापारच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. रविवार, सगळं गाव रस्त्याच्या कडेला, त्याच्या गाडीत पुढे मामिर्कान, मागे विहीणबाई, आणि तुरात कुठेतरी धुळीत.

"मी सकाळीच तुम्हाला न्यायला येतो," तो म्हणाला. "पुढची सीट तुमची, व्याही. मऊ गादी घालतो."

"छे, छे!" मामिर्कान दचकले. "तुझ्या गाडीत बसून मला घोडा कसा दिसणार? तू पुढे जायचं, कोकजोर्गो बांधून. आम्ही दोघं याच्या गाडीतून मागून येऊ. मला बायकोलाही दाखवायचंय. तिला वाटतं मी उगाच त्याच्यावर बसून असतो."

तुरातने धावत जाऊन आपल्या गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवरची धूळ फडक्याने झटकली. तिथे धूळ नव्हती.

रविवारी वरात त्याच क्रमाने निघाली. जापार पुढे, एकटा. त्याच्या डाव्या अंगाला दोराने बांधलेला कोकजोर्गो, कपाळावर लाल गोंडा. मागे तुरातची गाडी, तिच्यात व्याही, विहीणबाई आणि हट्टाने जाऊन बसलेल्या सासूबाई. त्याच्यामागे अख्खं गाव, कुणी घोड्यावर, कुणी गाढवावर. घळीशी आल्यावर जापारने सगळ्यांच्या देखत पहिला गिअर टाकला आणि गाडी उंटाच्या गुडघ्यावर घातली. ती कलली, दांड्यावर बसली आणि इतकी अलगद घसरून पलीकडे उतरली की जोल्चूलासुद्धा खरं वाटलं नसतं. पत्र्याला ओरखडा नाही. जापारने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं.

ते कुणीच पाहिलं नव्हतं. तुरातपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांच्या माना डावीकडे वळलेल्या होत्या.